अण्णांची मंजुरी आणि एक-दोन रुपयांचं टेबल

तमाम वाचकांस, विशेषतः ज्यांच्या घरातलं एखादं वडीलधारं माणूस भर दुपारी बुटाच्या खोक्यात डोकं घालून बसतं त्यांस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, लिहून देणार मी, वय वर्षे त्रेपन्न, धंदा अनुवाद, राहणार गाझियाबाद, हिने एका हिवाळ्यात आपल्या सख्ख्या सासऱ्यांच्या संगतीने सलग दोन महिने पैसे लावून पत्ते खेळले. खेळ पोकर. ठिकाण सोसायटीची गच्ची. गुन्हा कबूल आहे. पश्चात्ताप झाल्यास स्वतंत्रपणे कळवण्यात येईल.

आज सकाळी धुकं आलं म्हणून हे सगळं आठवलं. या मोसमातलं पहिलं धुकं. खिडकीतून पाहिलं तर समोरचा टॉवर गायब, गेटवरचा गार्ड गायब, नुसती त्याची शिट्टी कुठून तरी तरंगत येत होती. दूधवाल्याची मोटरसायकल न दिसता आली आणि न दिसता गेली. अशा दिवशी आमच्याकडचा सूर्य मोठ्या साहेबासारखा बारा वाजता हजर होतो आणि आल्या आल्या जायच्या तयारीला लागतो. तेवढ्या वेळात सगळी सोसायटी गच्चीवर धावते. रजया, लोणच्याच्या बरण्या, ओले केस, दुखरे गुडघे, जे जे म्हणून उन्हात ठेवता येईल ते सगळं वर येतं. कुणी गाजरं किसतं, कुणी मटार सोलतं. मीही शेंगांची पुडी घेऊन वर गेले, पहिली शेंग फोडली, आणि त्या भाजक्या वासासरशी माझा उजवा अंगठा आपोआप हवेत काहीतरी दाबायला गेला. पानं टाकून द्यायचं बटण तिथेच असायचं, डाव्या कोपऱ्यात खाली. दोन वर्षं झाली, अंगठा विसरलेला नाही.

ज्यांचं आयुष्य मेंढीकोट आणि झब्बू यांतच सत्कारणी लागलं त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पोकरमध्ये प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती ज्याची त्यालाच दिसतात. टेबलावर हळूहळू पाच पानं उघडतात, ती सगळ्यांची. या सातांतली उत्तम पाच ज्याची, त्याने पैसे न्यायचे. पण मधे मधे बोली वाढत जाते, आणि हातात काही नसतानाही मोठी रक्कम पुढे ढकलून समोरच्याला घाबरवता येतं. तो घाबरला, पानं टाकून गेला, की पैसे आपले. म्हणजे निम्मा खेळ पत्त्यांचा आणि निम्मा धादांत खोटं बोलण्याचा. मला तो पहिल्याच दिवशी आवडला.

माझ्याकडे खेळायला पाच हजार रुपये होते. औषधांच्या पत्रकांचे अनुवाद करून मिळालेले, माझे स्वतःचे. तीन महिने मी एक-दोन रुपयांच्या, म्हणजे पाळीपाळीने सक्तीचा एक आणि दोन रुपये मांडावे लागतात अशा टेबलावर शहाण्या मुलीसारखी बसले. मग दिवाळी आली. खालच्या मजल्यावरच्या आहूजा भाभींकडे दिवाळीत तीन पत्ती रंगते, तिथे मी एका बैठकीत अकराशे जिंकले आणि माझ्या अंगात काहीतरी संचारलं. दुसऱ्या दिवशी मी फोनवर दहा-वीसच्या टेबलावर जाऊन बसले. चार दिवसांत पाच हजारांचे सहाशे चाळीस झाले.

माझा नवरा श्रीरंग केंद्र सरकारात धरणांच्या पाण्याचं काम बघतो. पाणी सोडायचं म्हटलं की त्याच्या पोटात गोळा येतो. त्याने पेपरमधून डोकं न काढता विचारलं, "सगळे गेले?"

"सहाशे चाळीस आहेत."

"मग त्यातूनच काय ते कर. नवा पैसा टाकायचा नाही."

हा झाला आमचा संसारातला मोठ्यात मोठा तंटा. तो दीड मिनिट चालला.

आता अण्णांविषयी. इथे आवाज थोडा खाली आणते.

अण्णा म्हणजे माझे सासरे, तेव्हा एकोणऐंशीचे. छत्तीस वर्षं सरकारी लेखापरीक्षणात होते. एका अख्ख्या डेपोतल्या ताडपत्र्या मोजून त्यात सात कमी आहेत हे त्यांनी एकदा शोधून काढलं होतं, आणि ती गोष्ट आमच्या घरात लोक रामायण सांगतात तशी सांगितली जाते. त्या वर्षीच्या सप्टेंबरात अण्णांना एक फोन आला. पलीकडच्या माणसाने मी पोलीस अधिकारी आहे असं सांगितलं, तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय म्हणाला, खोलीचं दार लावायला लावलं, साडेचार तास व्हिडिओसमोर बसवून ठेवलं, आणि पावणेतीन लाख रुपये काढून घेतले. मी शेजारच्याच खोलीत खोकल्याच्या औषधाचं पत्रक मराठीत आणत होते. मला कुणी खोकलल्याचासुद्धा आवाज आला नाही.

तक्रार केली, पैशांपैकी थोडे सुटले. पण अण्णांनी ठरवणं सोडलं. "चहा घेऊ का गं?" "हा स्वेटर घालू की तो?" भाजीवाल्याला खाली थांबवून चार मजले वर फोन करायचे, "मेथी वीस म्हणतोय, देऊ?" दर गुरुवारी ते मेट्रोने करोल बागेत जायचे, जुन्या ऑफिसातल्या मंडळींत बसायला. तेही थांबलं. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो, तर फॉर्मवर पेन टेकवून तसेच बसून राहिले. "श्रीरंग, वाचून बघ रे नीट. यात काही नाही ना?" आपण जिवंत आहोत एवढंच लिहून द्यायचं होतं.

मला एकदाच म्हणाले, मटार सोलताना. "समोर कागद असता ना, तर दोन मिनिटांत पकडला असता त्याला. नुसता आवाज होता गं." गेलेल्या पैशांचं दुःख आम्ही गिळलं होतं. धास्ती होती ती ही, की हा माणूस आता उरलेले सगळे दिवस दुसऱ्यांची परवानगी मागत काढणार.

डिसेंबर लागला. उन्हात फोनचा पडदा दिसत नाही म्हणून मी बुटाचं रिकामं खोकं आडवं ठेवून त्यात फोन उभा करायची आणि डोकं आत घालून खेळायची. अण्णा शेजारी माकडटोपी घालून बसलेले. एका दुपारी त्यांनी विचारलं, "तू त्या खोक्यात काय बघतेस?"

खोटं बोलायचं मनात आलं. पण या घरात ते पुरेसं झालं होतं. "अण्णा, जुगार खेळतेय."

त्यांनी एक शेंग सोलून पूर्ण खाल्ली. "शिल्लक किती?"

"सहाशे चाळीस."

"आणि मूळ रक्कम?"

"पाच हजार."

त्यांची उजवी भुवई वर गेली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. "तूट चार हजार तीनशे साठ. कागदपत्रं?"

"नाहीत."

"एकही नाही?" हे विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर जे दुःख होतं ते पावणेतीन लाखांच्या वेळीसुद्धा मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते फाईल घेऊनच वर आले. त्या पैशांना त्यांनी नावही दिलं, गंगाजळी. नियम ठरले. एका बैठकीला ऐंशी रुपये, त्याहून कमीत खेळवाली कंपनी टेबलावर बसूच देत नसे. ते गेले की त्या दिवसाचा खेळ बंद. टेबल एक-दोन रुपयांचंच. खातं माझ्या नावावर, म्हणून बोट माझं. मात्र दोन रुपयांवर एक रुपयाही चढवायचा तर प्रस्ताव मी मांडायचा आणि मंजुरी अण्णांनी द्यायची. मला वाटलं, वा. चार दिवसांत म्हातारा हुकूम सोडायला लागेल.

"अण्णा, राजा-राणी आलेत, दोन्ही बदाम. वाढवू?"

"आधी पार्श्वभूमी सांग."

"पार्श्वभूमी काय सांगू, पंधरा सेकंद आहेत."

"यापूर्वी अशा प्रकरणात काय केलं होतं?"

"अण्णा, सहा सेकंद."

"मग घाई कशाला? चर्चा करू."

आणि आमची चर्चा सुरू होईपर्यंत फोन राजा-राणीला घेऊन जायचा.

सरकारी कामाचा अनुभव असलेल्यांना सांगायला नको की 'चर्चा करू' हा शेरा म्हणजे नकारही नव्हे आणि होकारही नव्हे. तो फाईलवर पडला की सगळ्यांना बरं वाटतं. अण्णांनी तो पहिल्या पंधरा दिवसांत इतक्या वेळा मारला की मी स्वप्नातही पानं टाकत होते. आणि गंमत बघा, आम्ही हरलो नाही. एक-दोनच्या टेबलावर माणसं हरतात ती कुतूहलापायी. पानिपत, मेरठ, इंदूर, कुठून कुठून आलेली बिचारी मंडळी, हातातली दोन भिकार पानं त्यांना टाकवत नाहीत. पुढे काय उघडतंय ते बघू, दोनच रुपये तर आहेत, आणखी चारच तर आहेत. आम्ही आपले टाकतोय, टाकतोय, टाकतोय. मग कधीतरी एखादी चर्चा चुकून वेळेत संपायची, आमच्याकडे तेव्हा नेमकं काहीतरी दणदणीत असायचं, आणि सगळं टेबल आम्हाला पैसे द्यायला रांगेत उभं राहायचं. सहाशे चाळीसचे नऊशे पाच झाले. अण्णांच्या भीतीने आम्हाला शिस्त लावली होती. पण नुसत्या भीतीवर किती दिवस चालणार? दर फेरीला बसल्या जागी सक्तीचे तीन रुपये झडतातच.

आहूजा भाभी पलीकडे बाजेवर स्वेटर विणत असायच्या. अण्णांचं अर्धं डोकं खोक्यात बघून त्यांचा समज झाला होता की ते रोज दुपारी प्रवचन ऐकतात. "अंकल जी तो बिल्कुल समाधि में चले जाते हैं," असं त्या मला कौतुकाने सांगायच्या. खोक्यातून अण्णांचा आवाज यायचा, "क्या करें, चित्त एकाग्र करना पड़ता है." हे वाक्य शब्दशः खरं होतं, म्हणून मी त्यांना माफ केलं.

हळूहळू फाईल फुगू लागली. टेबलावरच्या प्रत्येक खेळाडूला अण्णांनी स्वतंत्र पान दिलं. कुणाचा चेहरा दिसत नाही, आवाज येत नाही, नुसती टोपणनावं आणि आकडे. अण्णांना हेच मानवलं. 'मौनीबाबा' नावाच्या गृहस्थाविषयी त्यांचा शेरा होता, 'रक्कम वाढवली म्हणजे पाने आहेतच. वाटेस जाऊ नये.' 'शर्माजी ऑफिस में' हे गृहस्थ एक ते दीड या वेळात खेळत आणि एक पंचविसानंतर त्यांच्या हातून भयंकर घाई होई. 'जेवणाची सुट्टी संपत असावी. या पाच मिनिटांत लाभ संभवतो.' आणि 'पानिपतवाला' म्हणून एक होता. त्याच्याविषयी दीड पान. 'नुकसान झाल्यावर लगेचच्या डावात अवाजवी रक्कम लावतो. त्या वेळी पाने नसतात. निरीक्षण सहा वेळा.'

"अण्णा, हे तुम्हाला दिसलं कसं?"

"माणूस पैसे खायला लागला की त्याच्या सह्या बदलतात," ते म्हणाले. "घाई येते अक्षरात. हे तसंच आहे."

एवढं सगळं कळत होतं. पण 'वाढव' म्हणायची वेळ आली की पुन्हा चर्चा.

तिसऱ्या आठवड्यात एक्क्यांची जोडी आली. हातात येणारी याहून चांगली पानं पोकरमध्ये नाहीत. दोनशेवीसेक डावांतून एकदा दर्शन देतात. मी कुजबुजले, "अण्णा, दोन्ही एक्के."

त्यांनी हातातली मटारची शेंग खाली ठेवली. "दोन्ही?"

"दोन्ही. बोला पटकन."

"संशयास्पद आहे."

"अण्णा, पत्ते आहेत ते."

"इतकं चांगलं आपोआप कुणी देत नसतं. तोसुद्धा आधी किती गोड..."

खोक्यात घड्याळ संपलं, एक्के गेले. भाभींच्या सुया टिकटिक वाजत होत्या. मी एक किन्नू, म्हणजे इकडचं बियाळ संत्रं, सोलला, अर्धा त्यांना दिला, माझ्या अर्ध्यातल्या बिया ओळीने कठड्यावर मांडल्या. नऊ निघाल्या. त्या दुपारी आम्ही पुढे खेळलो नाही. उन्हाची तिरीप पाण्याच्या टाकीमागे गेली तशी ते उठले आणि मला विचारलं, "खाली जाऊ का मी?"

आता मागे वळून बघताना वाटतं, बाहेरच्या कुणी त्या महिन्यात आम्हाला पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं? ज्या म्हाताऱ्याला फोनवरून लुबाडलं त्याच्याच हातात मी पुन्हा फोनवरचा पैशांचा खेळ दिला. श्रीरंगने एकदा विचारलंही, अगदी हळू, "तुला खात्री आहे ना?" मला अजिबात नव्हती. एवढंच दिसत होतं की दिवसातले दोन तास ते दुसऱ्या कुणाकडे तरी संशयाने बघत होते, आणि उरलेल्या बावीस तासांत स्वतःकडे. ते दोन तास मला सोडवेनात.

मधे कायदा आला आणि पैसे लावून खेळायची अशी सगळी टेबलं बंद झाली. आमची गंगाजळी तेव्हा चार हजार नऊशे सत्तरवर होती. ती मी काढून घेतली. उरलेल्या तीस रुपयांपायी फाईल बंद करता येत नाही असं अण्णांचं मत आहे, आणि ती त्यांच्या कपाटात अजून उघडी आहे. कायदा आला ते बरंच झालं, असं मी चारचौघांत म्हणते. ऐंशीच्या जागी ऐंशी हजार घालून बसलेले लोक होतेच. पण शेंगा भाजल्याचा वास आला की मला मौनीबाबांची चौकशी करावीशी वाटते. आणि शर्माजींना आता जेवणाची सुट्टी पूर्ण मिळते का?

अण्णा आज गच्चीवर नाहीत. गुरुवार आहे, करोल बागेत गेलेत. धुकं आहे, उद्या जा, असं मी म्हणणार होते, तोवर लिफ्टचं दार लागलं होतं. मागच्या खेपेला येताना त्यांनी मोटारीच्या सीटवर घालायचं लाकडी मण्यांचं आसन आणलं.

"अण्णा, आपल्याकडे गाडी नाही."

"माहीत आहे मला," ते म्हणाले, आणि ते आसन वेताच्या खुर्चीवर घालून पाठ घासत बसले. कितीला घेतलं ते अजून सांगितलेलं नाही.

हे सगळं कुठून फिरलं ते मला नेमकं माहीत आहे. जानेवारीचा शेवट होता. तीन दिवस ऊन पडलं नव्हतं, चौथ्या दिवशी पडलं आणि गच्चीवर जत्रा भरली. गंगाजळी जरा सुधारल्यामुळे आम्ही त्या दिवशी ऐंशीऐवजी दोनशे घेऊन बसलो होतो आणि एक वाजेपर्यंत त्याचे साडेचारशे झाले होते. आम्हाला नव्व्यांची जोडी आली. टेबलावर चार पानं उघडली, त्यांत एक राजा, बाकी सगळी किरकोळ. बाकीचे पानं टाकून गेले. उरला पानिपतवाला. आदल्याच डावात तो मोठी रक्कम हरला होता. त्याने समोरचे होते नव्हते ते सगळे पैसे पुढे ढकलले. आम्हाला पुढे जायचं तर आमचेही सगळे लावावे लागणार होते.

"अण्णा, राजा आहे त्याच्याकडे. टाकून देते." माझा अंगठा बटणावर गेलासुद्धा होता.

"थांब."

"दहा सेकंद."

त्यांनी फाईल उघडली नाही. पार्श्वभूमी विचारली नाही. खोक्यात डोकं घालून त्या हिरव्या टेबलाकडे असे बघत राहिले, जणू समोर कुणी माणूस बसलाय आणि खाली बघतोय.

"दाब."

"अण्णा, साडेचारशे आहेत. दोन दिवसांची कमाई..."

"अगं, दाब म्हणतोय ना मी."

मी दाबलं. आमचे सगळे पैसे पुढे सरकले. दोघांची पानं उघडी झाली. पानिपतवाल्याकडे राजा नव्हता. जोडी नव्हती. नुसता एक एक्का आणि एक फाटकी पंजी. आम्ही पुढे होतो, एकच पान उघडायचं होतं.

ते उघडलं. एक्का.

त्याची जोडी झाली, आमच्या नव्व्यांपेक्षा मोठी. साडेचारशे रुपये घसरत घसरत पानिपतला गेले.

मी खोक्याकडेच बघत राहिले. काय बोलायचं ते मनात जुळवत होते, की अण्णा, चालतं, आपण उद्या पुन्हा ऐंशीने सुरू करू, यात तुमचं काही चुकलं नाही. त्यांच्याकडे बघायची छाती होत नव्हती. आता हा माणूस उद्या पाणी पितानाही विचारणार. तेवढ्यात खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. अण्णा उभे होते. मांडीवरचं मटारचं ताट पालथं झालं होतं आणि दाणे भाभींच्या रजईखाली पळत होते. माकडटोपी कपाळावर चढली होती. आयुष्यभर ज्यांनी घरात आवाज चढवला नाही ते माझे सासरे साऱ्या गच्चीला ऐकू जाईल असे म्हणाले, "काही नव्हतं गं त्याच्याकडे, खोटं बोलत होता मेला, आणि मी ओळखलं."